सव्वा महिना कुणाचा?

"बाळंतपणाला पाचगणीला चाललेय," असं ऑफिसमध्ये सांगितलं, तर पहिली प्रतिक्रिया आली, "वॉव, बेबीमून!" दुसरीने तर थेट रिसॉर्टचं नावच विचारलं. आपल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना पाचगणी म्हटलं की टेबललँड, घोडागाडी आणि स्ट्रॉबेरी विथ क्रीम एवढंच आठवतं. तिथे माणसं राहतात, त्यांच्या लेकी हिंजवडीत नोकऱ्या करतात आणि त्या लेकींच्या पहिल्या बाळंतपणावर त्यांच्या आया हक्क सांगतात, हे कुणाच्या गावीच नसतं.

माझ्या आईने तो हक्क सांगितला. बहुतेक माझं लग्न ठरलं त्याच दिवशी! ती तिथल्या एका निवासी शाळेत मेट्रन होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचे ताप, गालगुंड आणि होमसिकनेस सांभाळून रिटायर झालेली. 'पहिलं माहेरी' हा तिच्यासाठी चर्चेचा मुद्दाच नव्हता. नवऱ्याने लगेच मोबाइलवर मॅप उघडला. प्रसूती वाईला करायची, म्हणजे पसरणी घाट उतरायचा, आणि तोही जुलैच्या पावसात. शेवटी तोडगा निघाला. तारखेच्या आठ दिवस आधी मी वाईला आत्याकडे जाऊन राहायचं, बाळ झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाट चढून वर यायचं. तसंच झालं. लेक झाली, नॉर्मल झाली, टाके पडले, आणि चौथ्या दिवशी वायपरलाही न जुमानणाऱ्या धुक्यातून आम्ही तिघं घरी पोचलो.

जुलैतली पाचगणी पर्यटकांना ठाऊक नसते. तेराशे मीटरच्या आसपासची उंची, चार-चार दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, कपाटातल्या पर्सला बुरशी. आणि दिवसाला वीस लंगोट! (डायपर फक्त रात्री. हा आईचा कायदा.) पडवीत कोळशाची शेगडी पेटवलेली, तिच्यावर बांबूचं डालं उपडं घातलेलं आणि त्या डाल्यावर लंगोट, दुपटी, झबली पसरलेली. ड्रायर घेऊन देतो, असं नवरा म्हणाला तेव्हा आजीने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

आजी, म्हणजे आईची आई, वय सत्त्याऐंशी, खास या कार्यक्रमासाठी वाईहून आणलेली. सव्वा महिना मी आणि बाळ या दोघींची मालकी तिच्याकडे होती. म्हणजे तिचा तसा समज होता. प्रत्यक्षात आजी आणि डॉक्टरीणबाई यांच्यात एक युद्ध चालू होतं आणि मी मधली रणभूमी!

आता तुम्ही म्हणाल, युद्ध कशाचं? अहो, प्रत्येक गोष्टीचं. पाणी हा पहिला मुद्दा. आजीच्या मते बाळंतिणीने पाणी बेताचं प्यायचं, पोट सुटतं. डॉक्टरीणबाईंच्या मते अंगावर पाजणाऱ्या बाईने तहान लागेल तेवढं प्यायलाच हवं. आईने मेट्रनच्या अनुभवातून मार्ग काढला. ओवा आणि बाळंतशेपा घालून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवलं. आजीला ते औषध वाटलं, डॉक्टरीणबाईंना पाणी वाटलं, मी दिवसाला तीन थर्मास रिकामे केले.

पण बाळगुटीवर तडजोड झाली नाही. आजीने स्वतःची सहाण आणली होती. वेखंड, मायफळ, हळकुंड, मुरुडशेंग असं सगळं डबीत भरून. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचं नाही, असं सांगितलं होतं, आणि इथे मी ठाम राहिले. काजळ, नाका-कानात तेल, बाळाला धुरी, हेही बंद. धूर नवजात फुप्फुसांना सोसत नाही, यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. म्हणून आमची शेगडी पडवीत राहिली. कपडा तव्यावर गरम करून तेवढा खोलीत आणायचा आणि शेक घ्यायचा. आजी दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "आमच्या वेळी पहिला चीक पिळून टाकायचे. आता तोच पाजा म्हणतात. बदलतं बाई सगळं."

तो चीक, म्हणजे पहिलं घट्ट पिवळसर दूध. बाळासाठी त्याच्याइतकं मोलाचं काही नाही. किती पिढ्यांनी ते फेकलं असेल, या विचाराने मला कसंतरीच झालं.

जेवणावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं. सकाळी नारळाच्या दुधातली अळिवाची खीर. अळिवात लोह भरपूर, बाळंतपणात रक्त गेलेलं, हिशेब सरळ आहे. दुपारी बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी, वरून घरचं तूप. मध्येच सुंठ-गुळाची गोळी. डिंकाचे लाडू सासरहून बाळंतविड्यात आले, मेथीचे आजीने केले, आणि कुणाचे जास्त चांगले हे सांगायला मी अजूनही तयार नाही. जेवण झालं की भाजलेला ओवा, शेपा, तीळ, खोबरं. वांगी, बटाटा, हरभऱ्याची डाळ बंद, कारण 'वातूळ'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यानं बाळाच्या पोटात दुखतं याला फारसा आधार नाही, पण सव्वा महिना वांगं नाही खाल्लं तर काही बिघडतही नाही.

हा सव्वा महिना नेमका आला कुठून, याचा मी पाजतापाजता पुष्कळ विचार केला. (रात्री तीन वाजता दुसरं करण्यासारखं काय असतं?) डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. तेवढ्यात गर्भाशय मूळ आकाराला येतं. आयुर्वेद दीड महिना म्हणतो. आजी सव्वा महिना म्हणते. आमच्याकडे येणाऱ्या आशाताईंच्या रजिस्टरमध्ये शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ती पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने करून दाखवली, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिच्यावरचा लेख आला आणि २०११पासून ती देशभरच्या आशांच्या कामात शिरली. तिकडे मेक्सिकोत चाळीस दिवसांची 'क्वारेंतेना' असते, चीनमध्ये बायका 'महिना बसतात'. दक्षिण कोरियात तर यासाठी हॉटेलसारखी केंद्रं आहेत, बाळाला घेऊन दोन-तीन आठवडे तिथे राहायचं आणि भरपूर बिल भरून घरी यायचं. एकमेकींना कधीही न भेटलेल्या इतक्या बायका साधारण एकाच आकड्यावर येतात, म्हणजे त्या आकड्यात काहीतरी दम असणार.

पण म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी अजिबात म्हणणार नाही. जुनी बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली. दहा दिवस सोयर, कुणी शिवायचं नाही, जेवण लांबून सरकवायचं. विश्रांती मिळायची ती त्या विटाळापोटी मिळायची. आणि त्या खोलीतून बाळ-बाळंतीण सुखरूप बाहेर येतीलच, याची खात्री नसायची. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे अमेरिकेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या, १८८६ साली पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंच्या जुन्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या खोलीत आपलं मूल गेलं, त्या खोलीतलं ज्ञान त्या बाईने पुन्हा उघडून वाचलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

पाचवीचंही तसंच. पाचव्या रात्री आईने पाटा-वरवंट्याची पूजा केली, कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणे. (पेन जेलचं होतं. आजीने शाई वाहते का, हे तपासून घेतलं!) त्या रात्री जागायचं असतं. मला वाटतं, या जागण्यामागे जुनी भीती असणार. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, आणि मग पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळाला धनुर्वात व्हायचा. ते दिवस पार पडेपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नसेल. गरोदर बायकांना लशी मिळायला लागल्या, प्रसूती दवाखान्यात व्हायला लागल्या आणि २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. आम्ही त्या रात्री जागलो ते लेक झोपू देत नव्हती म्हणून.

आणि आता मावशींविषयी.

मावशी सकाळी सात वाजता यायच्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, खाली गुडघ्यापर्यंत चिखल. खिंगरच्या बाजूने चालत. साठीच्या आसपास, कृश, पण हात असे की काय सांगू! माळावरच्या आणि बाजारातल्या निम्म्या घरांतली बाळं त्यांनी न्हाऊ घातलेली. न्हाणीघरात पितळी बंब धडधडत असायचा. मावशी पाटावर पाय लांब करून बसायच्या, लेकीला पायांवर घ्यायच्या, कोमट खोबरेल तेल, टाळूवर तेलाची धार, मग तांब्याने पाणी. पहिल्या दिवशी लेक किंचाळली. चौथ्या दिवशी ती न्हाताना झोपी गेली.

मग माझा नंबर. तिळाचं तेल, आधी पाय, मग कंबर, पाठ, खांदे. पोटाला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "डाक्टरीण काय म्हनली?" हे मला फार आवडलं. नंतर कमरेवर कढत पाण्याचे तांबे, आणि शेवटी जुन्या नऊवारीच्या पट्टीने पोट बांधायचं. पट्ट्याने पोट आत जातं की नाही, देव जाणे. पण नऊ महिन्यांनी आपलं शरीर पुन्हा एका जागी गोळा झाल्यासारखं वाटतं. हिंजवडीतल्या स्पामध्ये मी हजारो रुपये घालवलेत. तिथे मालिश करणाऱ्या मुलीला माझं नाव माहीत नसतं. मावशींना माझ्या आजोळची तिसरी पिढी माहीत होती.

दहाव्या-अकराव्या दिवसापासून मला रडू यायला लागलं. कारण काही नाही. दूध होतं, बाळ छान होतं, आई रात्री बारा ते चार तिला घेऊन बसत होती, नवरा दर शुक्रवारी रात्री घाट चढून येत होता आणि लंगोट बांधायला शिकला होता. तरी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या जागी प्रेझेंटेशन दिल्याचा फोटो टाकला, त्यावर मी अर्धा तास रडले. आजी म्हणायची, "बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात." म्हणजे रडायचीही चोरी! मग मी आंघोळीच्या वेळी रडायचे. पाण्यात कुठे कळतंय?

मावशींना कळलं. त्यांना तोंड बघावंच लागलं नाही. एका सकाळी खांदे चोळताना थांबल्या. "पोरी, परवापतूर अंग सैल पडत हुतं. आता दगड झालाय." मी काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. आंघोळ उरकून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला म्हणाल्या, "ताई, लेकीला दवाखान्यात दावून आणा. टाक्याचं दुखनं न्हाई ह्ये."

आई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन घाट उतरली. डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला, दहा प्रश्नांचा. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला. १९८७ साली ब्रिटनमध्ये तयार झालेलं, जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, स्वतःला इजा करावीशी वाटली का... त्यांनी नीट समजावून सांगितलं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं आणि आपोआप जातं. त्याच्या पुढे गेलं, वाढत गेलं, तर ते डिप्रेशन, आणि त्यावर उपचार असतात. माझा स्कोअर काठावर होता. दर आठवड्याला समुपदेशकांशी फोनवर बोलायचं ठरलं, सलग पाच तास झोप हे औषध म्हणून लिहून दिलं (खरोखर चिठ्ठीवर लिहिलं!), आणि आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा तेच दहा प्रश्न. तोवर आकडा खाली आला होता.

ज्यांना वाटतं की एकत्र कुटुंबात, माहेरी, डिंकाचे लाडू खाऊन असलं काही होत नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा अभ्यास केला होता, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं. म्हणजे साधारण चारात एक. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणं. गोव्यातही बाळंतिणीला तेल लावतात, शेक देतात. तेलाने नवरा सुधारत नाही.

मग माझ्या बाबतीत मालिशने केलं काय? माझ्या मते एकच. रोज सकाळी पाऊण तास एक अनुभवी बाई फक्त माझ्याकडे लक्ष देत होती. बाळाकडे नाही, माझ्याकडे. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी पाळण्यात डोकावतो. मावशी आधी मला विचारायच्या, "झोप झाली?"

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. पाऊस इतका की मावशींना परत जाता येईना, म्हणून जेवायला थांबलेल्या. मी सहज विचारलं, "मावशी, तुमचं बाळंतपण कुणी केलं?"

त्या हसल्या. "आमचं कसलं आलंय बाळंतपन! बाराव्या दिशी बारसं, तेराव्या दिशी खुरपं." चार मुलं, चारही वेळा हेच. पहिल्या वेळी भातलावणी होती. बाळ बांधावर टोपलीत. "मंग ही मालिश शिकलात कुठे?" म्हटलं, तर म्हणाल्या, सासूकडून. सासू गावची सुईण होती. गावभरच्या बाळंतिणींना न्हाऊ घालायची. सुनेला? "तिला येळ कुठं हुता?"

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ताटावरचा घास गिळवेना. सव्वा महिन्याची परंपरा म्हणून आपण जे कौतुकाने सांगतो, ते कुणाच्या घरचं होतं? ज्या घरात धान्याची कोठी भरलेली आणि कामाला चार बायका, त्या घरचं. बाळंतिणीला झोपवून ठेवायचं म्हणजे तिच्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. माझ्या वेळी ते काम कुणी केलं? एकसष्ट वर्षांच्या, गुडघे धरलेल्या आईने. आणि मावशींनी.

मावशींची सूनही तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. दिवाळीनंतरची तारीख. ती स्ट्रॉबेरीच्या शेतावर रोजंदारीने जाते. इकडे सप्टेंबरच्या सुमाराला लागवड होते आणि थंडी सुरू झाली की तोडा. म्हणजे सून बाळंत होणार ती ऐन तोड्याच्या तोंडावर, वर्षातल्या सगळ्यात कमाईच्या दिवसांत. सासू-सून दोघी घरी बसल्या, तर घर कशावर चालायचं?

मी माझ्या सवयीने मोबाइलवर हिशेब मांडला. मला २६ आठवडे पगारी रजा. २०१७ सालच्या दुरुस्तीने ती १२ वरून २६ आठवडे झाली, तेव्हा आम्ही ऑफिसमध्ये केक कापला होता. नवऱ्याच्या कंपनीने पितृत्व रजा दिली ती दहा दिवसांची, तीही मेहेरबानी म्हणून. केंद्र सरकारी नोकरांना पंधरा दिवस मिळतात, खासगी कंपन्यांवर तसं बंधन नाही. मावशींच्या सुनेला यातलं काय? रोजंदारीवर शेतात जाणाऱ्या बाईला पगारी रजा देणारा मालकच नसतो. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या मुलाला पाच हजार रुपये, हप्त्याहप्त्याने. आम्ही मावशींना माझ्या आणि बाळाच्या आंघोळीचे रोजचे तीनशे देत होतो. चाळीस दिवसांचे बारा हजार. म्हणजे सरकारच्या पाच हजारांत सोळा-सतरा सकाळी बसतात. त्याही फक्त आंघोळीच्या. अळीव, तूप, बुडालेली मजुरी वेगळी.

आईने हिशेब बघितला आणि म्हणाली, "रजिस्ट्रेशन केलंय का तिचं?" केलेलं नव्हतं. पुढच्या भेटीत आशाताईंना पकडून आईने सुनेची नोंदणी करवली, आधार आणि बँकेच्या पासबुकातल्या नावांतला फरक निस्तरला. एका वेलांटीसाठी तीन खेपा! मेट्रनची जात, एकदा मागे लागली की सोडत नाही.

सव्वा महिना संपला तेव्हा मावशींची ओटी भरली, साडी दिली. पुण्याला निघताना माझ्या हातात त्यांनी तेलाची बाटली ठेवली. पुण्यात मग पाहिलं, आता याचीही पॅकेजेस निघालीत. 'जापा' बाई चोवीस तास, मालिश, शेक, लाडू घरपोच, चाळीस दिवसांचा दर माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढा. माझ्या तीन मैत्रिणींनी घेतलं, दोघी खूश आहेत. त्यात मला काही वावगं दिसत नाही. आई नसेल, आई नोकरी करत असेल, तर काय करायचं? फक्त एक प्रश्न मी हल्ली प्रत्येकीला विचारते आणि थोडी नकोशी होते. त्या जापा बाईचं मूल कुणाकडे असतं?

डिसेंबरात मावशींना फोन लावला. सून बाळंत झाली होती, मुलगा, एकोणीस दिवस झाले होते.

"ऐकत न्हाई पोरगी," मावशी म्हणाल्या. "तोडा सुरू झालाय, जाते म्हनती. म्या म्हनलं, उंबरा वलांडून तर बघ!"

मग त्यांनी दिवसाची व्यवस्था सांगितली. पहाटे सुनेची आणि नातवाची आंघोळ. गावातली बाहेरची आंघोळ एकच धरलीय, बाकीच्यांना नाही म्हटलं. नऊ वाजल्यापासून सुनेच्या वाट्याच्या ओळी तोडायला त्या स्वतः जातात. वाकून कंबर धरते; रात्री सून त्यांच्या कमरेला तेल लावते. पाच हजारांतले किती आले, विचारलं. पहिला हप्ता आलाय, दुसरा बाळाच्या लशी झाल्यावर. त्या पैशांचं काय केलं? "तूप आनलं. दोन किलो. आनि अळीव."

"आणि तिची झोप होते का?" मी विचारलं.

"व्हती की. रातच्याला बाळ माज्याकडं."

"आणि तुमची?"

"माझी कशाला पायजे?" त्या हसल्या. "बरं, तुज्या लेकीची टाळू भरली का गं? तेल कोन घालतं?"

आळीपाळीने घालतो, म्हटलं. एक दिवस मी, एक दिवस तिचे बाबा.

"बाबा?" मावशी ओरडल्याच, आणि फोन कानाशी तसाच ठेवून आत कुणाला तरी म्हणाल्या, "ऐकलंस का रं? पुन्याचा जावई तेल घालतोय लेकीला. उठ, पानी तापव."